पट्टी कुणी आखली?

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जाहीर केलं की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोक (पाठीवर), ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं) आणि बटरफ्लाय (फुलपाखरासारखं) या तिन्ही प्रकारांत ५० मीटरच्या, म्हणजे मोठ्या तलावाची एकच लांबी पोहण्याच्या, शर्यती होतील, पुरुषांच्याही आणि महिलांच्याही. म्हणजे सहा नव्या शर्यती. पॅरिसला पोहण्याच्या ३५ होत्या, आता ४१. तेव्हापासून पोहण्याशी थोडाफार संबंध असलेली चार माणसं जमली की हा वाद निघतोच, आणि दर वेळी तो सारखाच वाईट घातला जातो. एक गट म्हणतो, पोहण्याचं टी-ट्वेंटी करून टाकलं. दमसास नाही तो जलतरणपटू कसला? दुसरा गट म्हणतो, बरं झालं, आता लहान देशांना संधी, आता आपल्यालाही पदक. पहिल्या गटाला क्रिकेटची उपमा सुचते, पण त्याच लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट १९०० नंतर प्रथमच ऑलिंपिकला येतंय ते टी-ट्वेंटीच्याच रूपात, आणि त्या बातमीवर हीच मंडळी पेढे वाटत होती. दुसऱ्या गटाने घड्याळ कधी हातात धरलेलं नसावं. माझं मत आधीच सांगून टाकतो. निर्णय बरोबर आहे, तो बराच उशिरा झाला आहे, आणि त्याच्या बाजूने जी कारणं दिली जातात त्यातली बरीचशी पोकळ आहेत.

फरीदा उस्मान हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. जुलै २०१७, बुडापेस्टची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, महिलांची ५० मीटर बटरफ्लाय. पहिली आली स्वीडनची सारा श्योस्त्रोम, २४.६० सेकंदांत. ती पहिली येणार हे जवळपास ठरलेलंच होतं, तिच्या मागे कोण एवढाच प्रश्न होता. दुसरी नेदरलँड्सची रानोमी क्रोमोविडयोयो, २५.३८. आणि तिसरी, २५.३९, इजिप्तची फरीदा. रुपं आणि कांसं यांच्यात सेकंदाचा शंभरावा हिस्सा. मोठ्या, म्हणजे ५० मीटर लांबीच्या, तलावातल्या जागतिक स्पर्धेत इजिप्तला मिळालेलं पोहण्यातलं ते पहिलं पदक. दोन वर्षांनी दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूला तिने ते पुन्हा मिळवलं, त्याच शर्यतीत, त्याच दोघींच्या पाठोपाठ. लागोपाठ दोनदा जगात तिसरी आलेली ही बाई. ऑलिंपिकमध्ये ती कितवी आली? उत्तर देता येत नाही, कारण ऑलिंपिकमध्ये ही शर्यतच नव्हती.

फरीदाचा जन्म १९९५ चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा, पण वाढली ती कैरोत. बारा वर्षांची असताना कैरोत भरलेल्या २००७ च्या अरब क्रीडास्पर्धेत ती इजिप्तकडून पोहली. २०११ मध्ये पेरूतल्या लिमाला ५० मीटर बटरफ्लायमध्येच ज्युनियर जगज्जेती झाली. मग शिक्षणासाठी आणि सरावासाठी कॅलिफोर्नियातलं बर्कली. लंडन, रिओ, टोकियो अशी तिन्ही ऑलिंपिकं तिने केली, पण प्रत्येक वेळी आपली शर्यत घरी ठेवून. कधी ५० मीटर फ्रीस्टाइल (पोटावरचं पोहणं), कधी १०० मीटर बटरफ्लाय. रिओत शंभराच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचली, अंतिम फेरी हुकली. यावर एक प्रश्न हमखास येतो: इतकी चांगली होती तर शंभर मीटरमध्ये का नाही जिंकली? हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा पाण्यात उतरून बघावं. पंचवीस सेकंद आणि एक मिनिट ही शरीराची दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात जोर, सुरुवातीला सुटण्याचा वेग, एकही फुकट न गेलेला हात. दुसऱ्यात साठाव्या-सत्तराव्या मीटरला खांदे शिशाचे होतात, आणि त्यापुढे खांदे उचलत राहण्याची ताकद लागते. शंभर मीटर धावणाऱ्याला कुणी विचारतं का, की चारशेत का नाही आलास?

फरीदाला शर्यत नव्हती हा निव्वळ योगायोग मानला असता, पण इजिप्तचा पोहण्याचा इतिहास उलगडला की तिथे हेच पूर्वी उलट्या दिशेने घडलेलं दिसतं. १९५० साली इंग्लिश खाडीत मोठी शर्यत झाली. ती जिंकली हसन अब्देल रहीम या इजिप्शियनाने, १० तास ५० मिनिटांत. पुढच्या वर्षीची शर्यतही एका इजिप्शियनानेच जिंकली. मग आला अलेक्झांड्रियाचा अब्देल लतीफ अबू हैफ. १९६३ मध्ये हा माणूस अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात साठ मैल पोहला, साडेचौतीस तासांहून जास्त. जवळपास दीड दिवस, मधली अख्खी रात्र धरून, पाण्यातच. लांब पल्ल्याच्या पोहण्यात पन्नास-साठच्या दशकांत इजिप्तचा जो दबदबा होता तो आज कुणाला सांगूनही पटणार नाही. आणि त्यांची ऑलिंपिक पदकं किती? शून्य. कारण ऑलिंपिकचं पोहणं तेव्हा १५०० मीटरला संपायचं. उघड्या पाण्यातली १० किलोमीटरची शर्यत आली २००८ मध्ये, आणि त्याच वर्षी अबू हैफ वारला. म्हणजे या देशाचे सर्वात लांबचे पोहणारे पट्टीच्या एका टोकाबाहेर पडले आणि सर्वात जवळची पोहणारी दुसऱ्या टोकाबाहेर. मधली पट्टी, शंभर ते पंधराशे मीटर, ज्यांनी आखली त्यांच्याकडे त्या मापाचे पोहणारे होतेच. यात कुणी कट केला असं मला म्हणायचं नाही. पण पट्टी आखणाऱ्याला ती कधी आखूड वाटत नाही.

मोजायचं कसं हे आधी ठरतं आणि कोण जिंकलं ते नंतर, याचं इजिप्तकडे आणखी जुनं उदाहरण आहे. १९२८, अ‍ॅमस्टरडॅम. उंच फळीवरून सूर मारण्याच्या स्पर्धेत फरीद सिमायकाचे एकूण गुण सर्वाधिक, ९९.५८. अमेरिकेच्या पीट डेसजार्डिनचे ९८.७४. सुवर्णपदक सिमायकाचं म्हणून जाहीर झालं. मग निकाल फिरवला गेला, कारण बहुसंख्य परीक्षकांनी आपापल्या क्रमवारीत डेसजार्डिनला पहिला ठेवला होता आणि नियम गुणांच्या बेरजेचा नव्हता, क्रमांकांचा होता. उड्या त्याच, परीक्षक तेच, कागदही तोच, फक्त बेरीज दुसऱ्या रीतीने. सिमायकाच्या हाती रुपं आलं. स्प्रिंगबोर्डचं एक कांसं त्याने त्याच ऑलिंपिकमध्ये मिळवलं होतं. त्यानंतर आजतागायत इजिप्तला तलावातून ऑलिंपिक पदक नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्याच त्या ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर धावण्याची शर्यत पहिल्यांदा झाली, शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, वर्तमानपत्रांनी त्याचं काहीच्या काही वर्णन केलं आणि ती शर्यत जी बंद झाली ती १९६० पर्यंत. बायकांना एवढं झेपत नाही, हे तेव्हाचं शास्त्र. आता ५० मीटरवाल्यांना ऐकवलं जातं की एवढं तर कुणालाही झेपतं. जास्त झालं तरी बाहेर, कमी झालं तरी बाहेर.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि त्यातले जे खरोखर वजनदार आहेत तेच घेतो. सगळ्यात वजनदार हा: पोहण्यात आधीच पदकांची खैरात आहे. हॉकीच्या सोळा जणांनी दोन आठवडे जीव काढायचा तेव्हा एक पदक, आणि इकडे एकच माणूस एका ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णं घेऊन घरी जातो, २००८ ला अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने नेली तशी. धावण्यात उलटं धावण्याची शर्यत नाही, लंगडीची नाही, मग पोहण्यातच पाठीवर, पोटावर, बेडकासारखं, फुलपाखरासारखं असे चार-चार प्रकार कशाला, आणि त्यात आता प्रत्येकाची आणखी एक लांबी? मुद्दा खरा आहे. ऑलिंपिकची रचना आज पहिल्यापासून करायला घेतली तर पोहण्याला एवढ्या शर्यती कुणी देणार नाही. कबड्डीला एकही नाही हे तर मराठी माणसाला सांगायलाच नको. पण हा मुद्दा १०० मीटर बॅकस्ट्रोकलाही तितकाच लागू पडतो. जो १०० आणि २०० बॅकस्ट्रोक मान्य करतो त्याला ५० नाकारताना चार प्रकारांच्या खैरातीचा आधार घेता येणार नाही. घ्यायचाच असेल तर प्रामाणिकपणे २०० काढून टाका म्हणावं. तसं आजवर एकानेही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि शर्यती कायमच्या दगडात कोरलेल्या असतात असा जो समज आहे तो तर साफ चुकीचा. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये ५० यार्डांची शर्यत होती. हंगेरीच्या हालमायने ती जिंकली ती दुसऱ्यांदा पोहून, कारण पहिल्या वेळी परीक्षकांचंच आपापसात वाजलं. १९६४ च्या टोकियोत पुरुषांची १०० मीटर बॅकस्ट्रोक काढून टाकली होती, तिच्या जागी २०० आली, पुढच्या वेळी १०० परत आली. बटरफ्लाय हा प्रकारच १९५६ पर्यंत ऑलिंपिकमध्ये वेगळा नव्हता. ५० मीटर फ्रीस्टाइल १९८८ ला सोलमध्ये आली, आणि आज तिला कुणी नाकं मुरडत नाही. जागतिक स्पर्धेत २००१ साली फुकुओकाला एकाच वेळी पुष्कळ काही नवं आलं: तिन्ही प्रकारांच्या ५० मीटर शर्यती, महिलांची १५०० आणि पुरुषांची ८०० फ्रीस्टाइल. यातल्या लांबच्या दोन्ही टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये शिरल्या तेव्हा पोहणाऱ्यांच्या जगात समाधानच पसरलं, आणि महिलांना १५०० द्यायला शतक का लागलं असा रास्त प्रश्नही लोकांनी विचारला. जवळच्या सहा मात्र दारात उभ्या राहिल्या. एकाच वर्षी जन्मलेल्या भावंडांपैकी थोरल्या-धाकट्याचा हा न्याय कुठला?

दुसरा आक्षेप नशिबाचा. म्हणे ५० मीटर म्हणजे मटका. उडी जमली तर जमली, नखाने भिंत आधी शिवली तर पदक. शंभराव्या हिश्शाचं उदाहरण मीच वर दिलंय, त्यामुळे हे टाळून जाता येणार नाही. पण मटक्यात एकच माणूस सहा वेळा जिंकत नाही. श्योस्त्रोम ५० बटरफ्लायची जगज्जेती २०१५ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९, २०२२, २०२३ आणि २०२४ ला झाली. पुरुषांच्या ५० बॅकस्ट्रोकमध्ये फ्रान्सचा कामी लाकूर २०१३, २०१५ आणि २०१७ असा तीन वेळा लागोपाठ जगज्जेता. याच लाकूरचा १०० बॅकस्ट्रोकमधला ऑलिंपिक हिशेब बघा: लंडनला चौथा, रिओला पाचवा. पाठीवर पोहण्यात त्याच्याइतका वेगवान माणूस त्या पाच वर्षांत जगात नव्हता आणि त्याच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिंपिक पदक नाही. दक्षिण आफ्रिकेचा गेऱ्हार्ड झँडबर्ग २००७ ला २४.९८ सेकंदांत ५० बॅकस्ट्रोकचा जगज्जेता झाला, तोही ऑलिंपिकमधून रिकाम्या हातानेच आला. नशीब इतकी वर्षं एकाच माणसाच्या घरी मुक्काम करत नसतं.

बॅकस्ट्रोकबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ‘५० म्हणजे १०० चा अर्धा तुकडा’ हे वाक्य उच्चारणाऱ्याने पाठीवरची सुरुवात जवळून पाहिलेली नसते. बाकी तिन्ही प्रकारांत पोहणारा ठोकळ्यावरून उडी मारतो. बॅकस्ट्रोकवाला आधीच पाण्यात असतो, तोंड भिंतीकडे, हात ठोकळ्याच्या दांड्यावर, पाय भिंतीला टेकलेले, अंग गोळा करून वर ओढलेलं. भोंगा वाजला की मागे फेकायचं स्वतःला, कमान करून, कारण पाठ सपाट पडली तर अर्धा वेग तिथेच गेला. भिंत ओली, गुळगुळीत. पाय निसटला तर माणूस जागच्या जागी पाण्यात बसतो, आणि ५० मीटरमध्ये ते भरून काढायला पुढे काही उरत नाही. म्हणूनच गेल्या दशकात पाय टेकायला एक तिरकी पट्टी भिंतीशी सोडायची मुभा मिळाली. पाण्याखालचं अंतरही असंच नियमांनी घडवलेलं. १९८८ ला अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ सुरुवातीलाच तीसेक मीटर पाण्याखालून मासोळीसारखा जायचा. सोलच्या अंतिम फेरीत त्याला जपानच्या डायची सुझुकीने हरवलं, तोही पाण्याखालूनच. त्यानंतर जागतिक जलतरण महासंघाने मर्यादा घातली, आधी दहा मीटर, मग पंधरा. कुणाचं पोहणं खरं पोहणं हे ठरवणारा हा नियम १९८८ आधी नव्हता, आणि त्याबद्दल आज कुणाला शंका नाही.

शेवट तर आणखी अवघड. बॅकस्ट्रोकवाल्याला भिंत दिसत नाही. भिंतीपासून पाच मीटरवर डोक्यावर पताका बांधलेल्या असतात, त्या दिसल्या की हात मोजायचे. कुणाचे चार, कुणाचे पाच, आणि शेवटच्या हाताला मान मागे टाकून बोटं भिंतीवर आपटायची. एक हात कमी मोजला तर तरंगत जावं लागतं, जास्त मोजला तर डोकं आपटतं. आमच्या गावच्या तलावावर, नाव सांगत नाही, दोन वर्षांपूर्वी पताकांची दोरी तुटली ती कित्येक महिने तशीच होती. मुलं छताच्या एका गंजलेल्या पत्र्याकडे बघून अंदाज घ्यायची. एका संध्याकाळी दहा वर्षांची एक मुलगी जोरात आली आणि डोकं दाणकन भिंतीवर. रक्त नाही आलं, टेंगूळ आलं सुपारीएवढं. दुसऱ्या दिवसापासून ती शेवटचे दहा मीटर मान वळवून वळवून पोहायला लागली आणि तिची वेळ दीड सेकंदाने वाढली. भीतीचा दीड सेकंद. शंभर मीटरमध्ये तो कुठे तरी विरघळला असता.

तिसरा आक्षेप मला सर्वात आवडतो, कारण तो माझ्या बाजूच्या लोकांची हवा काढतो. लहान देशांना ५० मीटरमुळे संधी मिळेल हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. झिंबाब्वेची कर्स्टी कव्हेंट्री बॅकस्ट्रोकवालीच, तिची दोन्ही ऑलिंपिक सुवर्णं, अथेन्स आणि बीजिंगची, २०० मीटरची आहेत. एकूण सात पदकं, आणि आज ती स्वतः ऑलिंपिक समितीची अध्यक्ष आहे (हा निर्णय झाला तेव्हा तिची निवड झालेली होती, पण खुर्चीवर अजून आधीचे अध्यक्ष थॉमस बाखच होते). ट्युनिशियाचा उसामा मेल्लुली १५०० मीटरचा विजेता. त्याच्याच देशाचा अहमद हफनाउई टोकियोत आठव्या लेनमधून येऊन ४०० फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन गेला. आफ्रिकेला लांबचं जमत नाही, म्हणून जवळचं द्या, असं म्हणणं हा तर अपमानच झाला. पूर्ण मान्य. ५० मीटरला साधनं कमी लागतात हेही खोटं. ठोकळे, ती तिरकी पट्टी, वजनांची खोली, पाण्याखालचे कॅमेरे, सगळं इथेच जास्त लागतं. कैरोतही पोहणं हा मुख्यतः क्लबांचा खेळ आहे, आणि तिथल्या बड्या क्लबांचं सभासदत्व सामान्य घराला परवडत नाही. फरीदा गरिबीतून वर आलेली नाही, आणि तिच्या गोष्टीला तसा मुलामा द्यायची गरजही नाही.

पण मेल्लुलीची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. २०१२ ला लंडनमध्ये त्याने १० किलोमीटरचंही सुवर्ण जिंकलं. तलाव आणि उघडं पाणी दोन्हीकडे सुवर्ण मिळवणारा तो पहिलाच. ती शर्यत चार वर्षांपूर्वीच ऑलिंपिकमध्ये आली होती. म्हणजे पट्टी लांबच्या टोकाला वाढवल्यावर उत्तर आफ्रिकेचा माणूस तिथे उभा दिसला. तो तिथे आधीही होता, अबू हैफच्या रूपाने. पट्टी वाढवल्याने माणसं तयार होत नाहीत, आधीची असतात ती दिसू लागतात. माझ्या मते या निर्णयाचं एवढंच समर्थन पुरेसं आहे. ५० मीटरची शर्यत जागतिक स्पर्धेत २००१ पासून होतेय, तिचे जगज्जेते आहेत, विक्रम आहेत, तिच्यासाठीच घडलेली शरीरं आहेत. तिला ऑलिंपिकमध्ये घेण्यासाठी लहान देशांबद्दलच्या कळवळ्याची टेकू कशाला हवी?

कुस्तीच्या गावात हे पटवायला फार वेळ लागू नये. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात. वजनी गट नसते आणि सगळ्यांची एकच खुली कुस्ती असती तर गोळेश्वरचा हा पैलवान ऑलिंपिकच्या इतिहासात दिसला असता का? यावर कुणी म्हणेल, वजन देवाने दिलेलं, अंतर तर माणूस निवडतो. खरंच निवडतो? स्नायूंत चपळ तंतू किती आणि चिवट किती हे बरंचसं जन्मतःच ठरलेलं असतं. सराव त्यात थोडा फरक करतो, पण श्योस्त्रोमला दहा किलोमीटरची विजेती करू शकत नाही. ५७ किलोचा पैलवान १२५ किलोच्या पैलवानापेक्षा कमी पैलवान असं आपण म्हणत नाही. मग पंचवीस सेकंदांचा जलतरणपटू कमी जलतरणपटू कसा?

राहिला आपल्या पदकाचा प्रश्न. आशियाई स्पर्धांत १९८६ ला सोलमध्ये खजान सिंगने २०० बटरफ्लायचं रुपं मिळवलं. त्यानंतर चोवीस वर्षं काही नाही. मग २०१० ला ग्वांगझूमध्ये कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने कांस्य आणलं आणि २०१४ ला इंचिऑनला संदीप सेजवालने. खाडेचं ५० बटरफ्लायचं, सेजवालचं ५० ब्रेस्टस्ट्रोकचं. दोन्ही शर्यती ऑलिंपिकमध्ये नव्हत्या. खाडे पुढे तहसीलदार झाला, पोहणं मागे पडलं, परत पाण्यात उतरला आणि २०१८ ला जकार्तात ५० फ्रीस्टाइलमध्ये शंभराव्या हिश्शाने कांस्य हुकवून चौथा आला. या दोघांच्या कारकिर्दीकडे ‘ऑलिंपिकमध्ये काय केलं’ या एकाच भिंगातून बघणाऱ्यांनी आता तरी बघणं थांबवावं, पण म्हणून २०२८ ला पदक ठेवलेलंच आहे असं धरून चालू नये. खाडेची ग्वांगझूची वेळ २४.३१ होती. पुरुषांच्या ५० बटरफ्लायचा विश्वविक्रम २२.२७ आहे. पन्नास मीटरमध्ये दोन सेकंद म्हणजे पुढचा माणूस भिंत शिवून चष्मा वर करून फलकाकडे बघायला लागलेला असतो.

ज्या गोष्टीवर खरं भांडायला हवं ती यापैकी कुठलीच नाही. शर्यती सहा वाढल्या, पण पोहणाऱ्यांच्या जागा त्या प्रमाणात वाढवून मिळालेल्या नाहीत. ज्यांचा एकही पोहणारा पात्र होत नाही अशा देशांना एक पुरुष, एक महिला पाठवायची सोय आहे, ती राहील. अमेरिका, ऑस्ट्रेलियाला चिंता नाहीच. अडचण मधल्यांची: इजिप्त, भारत, असे देश. टोकियोच्या वेळी पुरुषांच्या १०० बॅकस्ट्रोकची थेट पात्रता ५३.८५ सेकंद होती आणि दुय्यम पात्रता ५५.४७. या दोन आकड्यांच्या मधे जे अडकतात त्यांनी निमंत्रणाची वाट बघत बसायचं. बंगळुरूचा श्रीहरी नटराज रोमला ५३.७७ पोहून थेट आत गेला म्हणून ठीक, टोकियोत ५४.३१ पोहला आणि प्राथमिक फेरीतच संपला. कैरोत किंवा अलेक्झांड्रियात असा एखादा बॅकस्ट्रोकवाला आज असेलच, ज्याचं ५० जगाच्या बरोबरीचं आणि १०० त्याच्या मागे. त्याच्यासाठी दार उघडलंय. पण दारातून किती जण आत घ्यायचे ते तेवढंच ठेवलं, तर मोठ्या देशांचे खास ५० मीटरवाले आधी आत जातील आणि आपण पुन्हा खैरात आणि टी-ट्वेंटीवरच वाद घालत बसू. फरीदासाठी तर उशीर झालाच आहे. २०२८ ला ती तेहतीस वर्षांची असेल.

त्या तलावावर परवा गेलो होतो. पताका लागल्यात, नव्या, लाल-पांढऱ्या. एकाच टोकाला. मी विचारलं तर देखभाल बघणारे काका म्हणाले, “दोरी एवढीच आली.” ती टेंगूळवाली मुलगी आता बारा वर्षांची आहे, मान न वळवता पोहते. ती पाण्यातूनच ओरडली, “काका, पन्नासला एकाच टोकाच्या पुरतात!”